वीस हजारांत मापाचा सूट आणि चार शर्ट: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नोकरी, उंची ५ फूट ६ इंच, छाती ३९, पोट ३७, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरता. रेडीमेड कोट खांद्यात बसला तर पोटावर बटण लागत नाही, पोटाला पुरला तर खांदे बाहेर लोंबतात. डिसेंबरात भावाचं लग्न आहे, पुढे तोच सूट कामावर वापरायचाय. वीस हजारांत एक सूट आणि ऑफिसचे चार शर्ट शिवून होतील का? शिंपी कसा निवडायचा?

होतील. तुमच्या अंगाला रेडीमेड का बसत नाही, ते आधी सांगतो. तयार सूट कापताना छाती आणि कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरतात. तुमचा फरक दोन इंचांचा आहे. त्यामुळे कुठल्याही ब्रँडचा ४० नंबर घेतला तरी हाच घोळ होणार. मापाने शिवण्याचा खर्च तुमच्यासारख्याला खरोखर वसूल होतो. छाती ४० आणि कंबर ३४ असलेल्या सरळ खांद्यांच्या माणसाने रेडीमेड घेऊन बाह्या आणि पॅन्टची उंची दुरुस्त करून घेतली तर त्याला स्वस्तही पडतं आणि बरंही.

आता पैसे. बहुतेकांचे पैसे दिसणाऱ्या गोष्टींत जातात: चकाकतं अस्तर, नावाजलेलं कापड, जोडीला वेस्टकोट. काटकसर होते ती कच्च्या ट्रायलमध्ये (अर्धवट शिवलेला कोट घालून बघणं) आणि आत सोडलेल्या मायेत, म्हणजे शिवणीत राखलेल्या जादा कापडात. मापाच्या कपड्याचा जीव नेमका तिथे असतो. हिशेब असा मांडा: सूटचं कापड सव्वातीन मीटर, १,४०० रुपये मीटरने ४,५५०. शिलाई ७,०००. शर्टाचं कापड पावणेदोन मीटर, ४५० रुपयांनी सुमारे ८००, शिलाई ५५०. म्हणजे चार शर्टांचे ५,४००. बेरीज १७,०००च्या आत येते. उरलेल्या तीन हजारांचं काय करायचं ते पुढे सांगतो, वेस्टकोट मात्र नाही. दर शहरागणिक, दुकानागणिक वरखाली होतील. प्रमाण असंच ठेवा. सूटमध्ये शिलाईची रक्कम कापडापेक्षा जास्त असायला हवी. उलट झालं, म्हणजे नऊ हजारांचं कापड आणि तीन हजारांची शिलाई, तर महागड्या कापडाचं मातेरं होतं.

"मापाचा" या शब्दाखाली तीन वेगवेगळे धंदे चालतात. मोठ्या ब्रँडच्या दुकानात मापं घेतात आणि कपडा कारखान्यात शिवून येतो. त्यांच्याकडे ठरलेले साचे असतात, तुमच्या मापाप्रमाणे ते कमीजास्त करतात. शिलाई एकसारखी आणि स्वच्छ असते, पण बहुतेक ठिकाणी मधली कच्ची ट्रायल नसते. तयार झाल्यावर एकदा घालून बघायचं आणि असेल ती दुरुस्ती करायची. दुसरा प्रकार ऑनलाइन. तुमच्या अंगात उत्तम बसणारा शर्ट असेल तर तो सपाट पसरून त्याची मापं पाठवा, शर्टापुरतं हे ठीक चालतं. कोटासाठी नको, कारण खांद्याचा उतार आणि पाठीचा बाक टेपात येत नाही. तिसरा आपला शिंपी, म्हणजे मास्टर, जो खडूने थेट कापडावर आखतो. तुमचा उतरता खांदा आणि पोट बघता कोट इथेच शिवा. शर्ट कुठेही चालतील.

शिंपी निवडताना लोक नेहमी एक गोष्ट विसरतात: कोट शिवणारा, पॅन्ट शिवणारा आणि शर्ट शिवणारा कारागीर बहुधा वेगळा असतो. दुकानात मास्टर माप घेतो, कापतो; कोट बाहेर कोटवाल्या कारागिराकडे जातो, तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या. तेव्हा "मित्राच्या शर्टाची फिटिंग फार छान होती" यावरून त्याच दुकानात कोट टाकू नका. शिंप्याला सरळ विचारा: महिन्याला कोट किती निघतात? कोट इथेच शिवता का बाहेर देता? बाहेर देण्यात वावगं काहीच नाही, पण ट्रायलच्या वेळी खुणा करणारा आणि उसवून पुन्हा शिवणारा यांचं बोलणं व्हायला हवं. मग टांगलेला एखादा तयार कोट बघायला मागा. खांद्यावर बाही जोडली आहे तिथे चुण्या आहेत का, दोन्ही लॅपल (छातीवर उलटे वळवलेले भाग) सारखे वळतात का, चौकडीचा कोट असेल तर खिशाच्या झापेवर चौकडी जुळली आहे का. पाठीमागे कॉलरखाली चौकडी मध्यावर जुळलेली दिसली तर मास्टरचा हात चांगला आहे असं समजा. हे जुळवायला कापड आणि वेळ दोन्ही जास्त लागतं, घाईत काम करणारा ते करत नाही.

कापडाकडे येऊ. पुण्यात रविवार पेठेतला कापडगंज आणि लक्ष्मी रोड, मुंबईत मंगलदास मार्केट, नागपुरात गांधीबाग-इतवारी. कुठेही गेलात तरी सूटिंगमध्ये तीन ढीग समोर येतील: टीआर, टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर) आणि शुद्ध लोकर. टीआर म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस, बहुतेक ६५:३५, आणि यातलं बरंचसं राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं. स्वस्त, चुरगळत नाही, रंग पक्के. दोष असे की घाम आत कोंडतो, इस्त्रीने चकाकी येते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला वर्षाभरात बोंडं, म्हणजे धाग्यांचे बारीक गोळे, धरतात. शुद्ध लोकर तुमच्या हिशेबात बसवायची तर शिलाईला कात्री लागेल. तुमच्यासाठी टेरीवूल, ५५:४५ किंवा ६५:३५, साध्या विणीचं हलकं कापड. वजन विचारा: चौरस मीटरला २३० ते २६० ग्रॅम आपल्याकडे बारा महिने चालतं. कापड श्वास घेतं की नाही ते दुकानात लगेच कळतं. एकेरी कापड ओठांवर घट्ट धरून फुंकर मारा, पलीकडे हात ठेवा. हवा हाताला लागली तर ठीक.

ताक्याच्या काठावर "सुपर १२०", "सुपर १५०" असं सोनेरी छापलेलं असतं, त्याला भुलू नका. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे आणि तो शुद्ध लोकरीसाठी ठरलेला आहे: सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५. सातशे रुपये मीटरच्या पॉलिस्टर-व्हिस्कोसवर तोच शिक्का असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. शिवाय खऱ्या लोकरीतही आकडा वाढला की कापड नाजूक होतं. बाईकवरून ऑफिसला जाणाऱ्याने सुपर १५० घेऊच नये. बैठकीवर सहा महिन्यांत झिजेल. शंका असेल तर काठाचे चार धागे काढून जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. टेरीवूलमध्ये दोन्ही दिसतं: केसांचा वास आणि न फुटणारी खडी.

रंग नेव्ही किंवा गडद राखाडी. काळा नको, स्वस्त कापडात काळ्यावर चकाकी सगळ्यात आधी दिसते, आणि दिवसा ऑफिसात तो बँडवाल्यासारखा वाटतो.

आहेराचा विषय इथेच उरकतो. प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेरातले पॅन्टपीस-शर्टपीस पडलेले असतात आणि "तेच शिवून टाकू" असं कोणीतरी म्हणतंच. पीस उघडून मोजा. डब्यावर १.६ मीटर लिहिलेला शर्टपीस ५८ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, असेल तर तुमच्या उंचीला पूर्ण बाहीचा शर्ट जेमतेम निघतो, पण धुऊन आटवायला वाव राहत नाही. पन्हा ३६ इंचांचा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, म्हणजे त्यातून अर्ध्या बाहीचा शर्टही ओढाताण करूनच होईल. १.२ मीटरच्या पॅन्टपीसमधून पॅन्ट निघते, पण मागच्या शिवणीला आणि मोहरीला (पॅन्टच्या खालच्या टोकाला) माया उरत नाही. घडीवर वर्षानुवर्षं पडलेल्या कापडाच्या दुमडीला रंग उडालेला असतो, तो उजेडात धरून बघा. शिवल्यावर ती रेष थेट मांडीवर येते. असे पीस घरच्या वापराला काढा, लग्नाच्या सूटच्या वाटेला नको.

आता ते उरलेले तीन हजार. त्यातून सूटच्याच ताक्यातलं आणखी सव्वा मीटर कापड घ्या आणि दुसरी पॅन्ट शिवा. सूटमध्ये आधी मरते ती पॅन्ट. कोट खुर्चीच्या पाठीवर लटकत असतो, पॅन्ट दिवसभर घासली जाते. दोन पॅन्टी आलटून पालटून घातल्या तर सूटचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. एक मात्र पाळा: कापड त्याच ताक्यातून, त्याच दिवशी, एकाच तुकड्यात साडेचार मीटर. दोन महिन्यांनी तोच नंबर आणलात तर रंगाचा लॉट वेगळा निघतो, आणि ट्यूबलाइटखाली न दिसणारा फरक उन्हात दिसतो.

कोटाच्या आत काय आहे, यावर तो दोन वर्षं टिकेल की दहा हे ठरतं. छातीच्या कापडामागे आधार लागतो. तो दोन तऱ्हांनी देतात: पेस्टिंग, म्हणजे गोंद लावलेलं अस्तर उष्णतेने चिकटवणं, किंवा कॅनव्हास, घोड्याच्या केसांचा वगैरे, टाक्यांनी धरलेला. पूर्ण कॅनव्हास तुमच्या बजेटात येत नाही, मागूही नका. पण "नुसतं पेस्टिंग की छातीला वेगळा कॅनव्हास?" हे विचारा. पुढच्या भागाला हलकं पेस्टिंग आणि छातीपासून लॅपलपर्यंत टाचलेला कॅनव्हास, हा मधला मार्ग हजार-दीड हजार जास्त घेऊन बरेच शिंपी करतात. पेस्टिंग वाईट नसतं. वाईट असतं ते हाताच्या इस्त्रीने केलेलं. गोंद धरायला सगळीकडे सारखी उष्णता आणि सारखा दाब लागतो, तो प्रेस मशीनवर मिळतो. इस्त्रीखाली कुठे धरतं, कुठे अर्धवट राहतं, आणि पहिल्या-दुसऱ्या ड्रायक्लीनिंगला त्या अर्धवट जागी कापड सुटून फुगे येतात. एकदा आलेले फुगे इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. म्हणून विचारा: पेस्टिंग मशीनवर करता का? तयार कोट तपासायचा तर बटणाच्या वर, लॅपलच्या बाजूला, पुढचं कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतलं कापड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच वेगळं ओढा. मध्ये तिसरा सुटा पदर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. बाहेरचाच पदर पुठ्ठ्यासारखा जाड लागला तर सगळं चिकटवलेलं आहे, मग बिलात काहीही लिहिलेलं असो.

अस्तर पॉलिस्टरच्या टॅफेटाचं नको, व्हिस्कोसचं घ्या. मीटरमागे थोडेसेच पैसे जास्त जातात आणि घामात फरक पडतो. अर्ध्या अस्तराचा कोट स्वस्त पडेल असं वाटतं, पण पडत नाही: उघड्या राहणाऱ्या आतल्या शिवणींना पट्टी लावून बंद करावं लागतं, ते काम वाढतं. बाहीच्या बटणांना खरी काजं करून देतो असं शिंपी कौतुकाने सांगेल. नको म्हणा. काजं कापली की बाहीची लांबी पुढे बदलता येत नाही.

कापायच्या आधी मास्टरला तीन गोष्टी सांगायच्या, कारण नंतर त्या होत नाहीत. पहिली, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, वर ठेवा. आपल्याकडे मुंढा मोठा आणि खोल कापायची सवय आहे, त्यात कुणालाही कोट "बसतो". पण मुंढा खाली गेला की हात उचलताच अख्खा कोट वर चढतो. वर ठेवलेला मुंढा सुरुवातीला काखेत जरा जाणवतो, हालचाल मात्र मोकळी होते. खोल कापलेला मुंढा वर नेता येत नाही, वरचा खोल करता येतो. म्हणून आधी वर. दुसरी, पोटासाठी पुढची लांबी. पोट पुढे असलं की कोटाचा पुढचा घेर वर उचलला जातो आणि मागची चीर फाकते. नुसता घेर वाढवून हे सुटत नाही, पुढचा भाग अर्धा ते पाऊण इंच लांब कापावा लागतो. माप घेताना पोट आत ओढून उभे राहू नका. सगळेच ओढतात, आणि सूट त्या न असलेल्या पोटाला बसतो. तिसरी, खांदा. दोन्ही खांद्यांची उतरण वेगळी घ्यायला सांगा, दोन्ही बाह्यांची लांबीही वेगळी. उतरत्या खांद्याला जरा जाड पॅड देतात किंवा त्या बाजूचं कापड उताराप्रमाणे खाली कापतात. फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर पॅड पुरतं.

मायेचं आताच ठरवून घ्या, पावतीवर लिहून घ्या: कोटाच्या बाजूच्या शिवणींना एक इंच, पाठीच्या मधल्या शिवणीला पाऊण, बाहीच्या टोकाला दीड, पॅन्टच्या मागच्या शिवणीला दीड आणि मोहरीला अडीच इंच. सव्वातीन मीटरमध्ये तुमच्या अंगाला हे सगळं निघतं. वजन पाच किलोने वाढलं तरी सूट उसवून वाढवता येतो. शिंपी माया कापून टाकतो ती दुष्टपणाने नाही, जास्त माया असली की शिवणी आत जाड होतात आणि इस्त्रीला वेळ लागतो.

ट्रायल. कच्च्या ट्रायलला कोट पांढऱ्या दोऱ्याच्या लांब टाक्यांवर उभा असतो, अस्तर नसतं, एखादी बाही नुसती टाचलेली. ज्या शर्टावर आणि बुटांवर सूट घालणार तेच घालून जा. खिशात मोबाईल-पाकीट नको. पाय जुळवून ताठ उभे राहू नका, रोज उभे राहता तसे रहा. आरशात मागे वळून पाहिलं की कोट पिळतो आणि नसलेल्या चुण्या दिसतात. कुणाकडून तरी मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या.

बघायचं वरून खाली. आधी मान: कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून राहायला हवी. मध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर पाठीची लांबी किंवा खांद्याची उतरण चुकली आहे. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे मास्टरने धरले त्याहून सपाट आहेत. कॉलर उसवून मानेखालचं जादा कापड काढावं लागेल. मानेपासून उजव्या काखेकडे तिरकी चुणी दिसली तर उतरत्या खांद्याचा हिशेब राहून गेला. मग खांदा: बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर हवी. त्याच्या पुढे गेली की बाहीच्या वरच्या बाजूला खळगा पडतो. भिंतीला खांदा टेकवून बघा. हाताआधी पॅड भिंतीला लागलं तर खांदा मोठा आहे. हीच एक चूक शेवटी दुरुस्त होत नाही, म्हणून इथे संकोच करायचा नाही. बाह्या उसवायला लागल्या तरी चालेल.

त्यानंतर बटण. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर पोटावर ओढ आहे; बटण आणि पोट यांमध्ये मूठ सहज शिरली तर ढिला आहे. सपाट पंजा शिरला की पुरे. बाहीत कोपराच्या वर मागच्या बाजूला तिरक्या चुण्या असतील तर बाही पुढे-मागे फिरवून लावावी लागते, पाव ते अर्धा इंच; हे काम कच्च्यातच होतं. लांबी: हात सैल सोडून बघा, कोट बैठक झाकेल इतका हवा. तुमच्या उंचीला एवढंच. त्याहून लांब कोटात पाय आखूड दिसतात. बाही मनगटाच्या हाडाशी, शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर. शेवटी खुर्चीवर बसा, हात पुढे करून स्टिअरिंग धरल्यासारखे करा.

मास्टर म्हणेल, "शिवून झाल्यावर बसेल" किंवा "प्रेसमध्ये निघून जाईल". बारीक सुरकुती प्रेसमध्ये जाते. खांद्याची चुणी जात नाही. त्याला कोटावरच खडूने खुणा करायला सांगा, वहीत नुसतं लिहून ठेवणं पुरत नाही, कारण उसवणारा कारागीर वही बघत नाही, खडू बघतो. अस्तर लावायच्या आधी दुसरी ट्रायल मागा. याच दुसऱ्या ट्रायलचे पाचशे-हजार जास्त मागितले तर द्या.

पॅन्टबद्दल थोडंच. पोट असलेली माणसं पॅन्ट पोटाखाली घालतात, मग आसन लोंबतं आणि बक्कल कोटाखालून डोकावतं. कमरेवर, बेंबीच्या जरा खाली बसेल अशी शिवा, पुढे एक प्लीट घ्या, मोहरी १५ इंच. पुढच्या बाजूला गुडघ्यापर्यंत अस्तर लावून घ्या.

शर्टात उलटं आहे: मधली ट्रायल नसते, म्हणून पहिला शर्टच ट्रायल समजायचा. चारही एकदम टाकू नका. एक शिवा, तीनदा धुवा, आठवडाभर घाला, मग दुरुस्त्या सांगून उरलेले तीन. आणि कापड शिंप्याकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. सुती कापड तीन टक्के आटलं तर १६ इंचांची कॉलर जवळजवळ अर्धा इंच कमी होते. वरचं बटण लागेनासं होतं ते यामुळे, मान जाड झाल्यामुळे नव्हे. लिनन तर भिजवल्याशिवाय द्यायचंच नाही. या आटवण्यासाठीच वर पावणेदोन मीटर धरलंय.

काउंट, म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचा आकडा, विचारा. ऑफिसच्या रोजच्या शर्टाला ५० किंवा ६०चं सुती पॉपलिन किंवा ट्विल पुरतं. १००चं दोन पदरी धाग्याचं कापड हाताला रेशमासारखं लागतं, पण बॅगेच्या पट्ट्याखाली खांद्यावर लवकर विरतं. पांढरं कापड दोन पदर करून त्यामागे बोट धरा, बोटाचा रंग दिसला तर बनियनही दिसेल. चौकडी घेतलीत तर पाव मीटर जास्त घ्या, खिसा आणि बटणपट्टी जुळवायला.

मापं: कॉलर म्हणजे मान अधिक अर्धा इंच. तयार छाती तुमच्यासाठी ४४. पोटावरही ४२ ठेवा, "स्लिम फिट" म्हणून पोटावर आवळून घेऊ नका, बसल्यावर बटणांमध्ये फटी पडतात. मान आखूड असेल तर कॉलरची पट्टी मागे सव्वा इंचाची, टोकं पावणेतीन. घड्याळाच्या हाताचा कफ अर्धा इंच मोठा. बाही हात खाली असताना अंगठ्याच्या मुळापर्यंत, म्हणजे धुतल्यावर मनगटाला येते. उतरत्या खांद्यासाठी मागचा खांद्याचा जोड मध्ये शिवण देऊन दोन तुकड्यांत करायला सांगा, मग प्रत्येक बाजू वेगळी उतरवता येते.

शर्टात बिघडतं ते कॉलरपासून. धुतल्यावर कॉलर आणि कफावर फुगे येतात, कारण आतलं पेस्टिंग हलक्या प्रतीचं असतं किंवा बाहेरचं कापड आतल्यापेक्षा जास्त आटतं. शिंप्याला चांगल्या प्रतीचं सुती पेस्टिंग घालायला सांगा, चाळीस-पन्नास रुपये जास्त घेईल. बटणपट्टी लाटेसारखी वळते ती दोरा कापडापेक्षा जास्त आटल्यामुळे, दोऱ्याचा ताण जास्त ठेवला की आणखीच. टाके मोजा: फूटपट्टी ठेवून एका इंचात १४ ते १६ असायला हवेत, ९-१० असतील तर घाईचं काम आहे. आतून बघा, बाजूची शिवण कापड दुमडून दोन टिपांची आहे की नुसती ओव्हरलॉक? ओव्हरलॉक केलेली शिवण काखेत आधी सुटते.

वेळ. डिसेंबरचं लग्न म्हणजे कापड सप्टेंबरात घ्या. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, कोटाचा कारागीर तेव्हा मोकळा असतो. तुळशीचं लग्न लागलं की तोच माणूस रात्री दोनपर्यंत बसतो आणि दुसरी ट्रायल मागणाऱ्याला हात जोडतो. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा टाळा. शर्टाचं वेळापत्रक वेगळं: मे-जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा लोंढा असतो, तेव्हा शर्ट टाकले तर बाह्या कुणाच्या, कफ कुणाचे होऊन जातं. सूटला चार आठवडे धरा: दहाव्या दिवशी कच्ची, विसाव्याला दुसरी. तारखा पावतीवर. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे तयार कोट घालून, बटण लावून, बसून पाहिल्यावर.

ताब्यात घेताना उरलेलं कापड मागून घ्या, वीतभर तुकडा का असेना. पॅन्टला भोक पडलं तर त्यातलेच धागे काढून रफू करता येतं. दोन सुटी बटणंही. कोट रुंद, खांद्याच्या आकाराच्या हँगरवर लावा, प्लास्टिकची पिशवी काढून टाका, पावसाळ्यात आत बुरशी धरते. इस्त्री नेहमी ओलसर सुती फडक्यावरून. ड्रायक्लीनिंग वर्षातून दोनदा पुरे, एरवी ब्रश मारून रात्रभर बाहेर टांगायचा. आणि देताना कोट आणि दोन्ही पॅन्टी एकदमच द्यायच्या, नाहीतर दोन वर्षांनी तिन्हींच्या रंगात फरक पडतो.